एक अभ्यासक, जालना

१

निबंधही चोरीला जातो, हे काकासाहेबांना साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. जालन्याच्या अदालतीत त्यांनी उभी हयात पेशकारी केली. बैल, मोटेचा नाडा, देवळातली घंटा, शेजाऱ्याची बायको, असं चोरीला जाण्यासारखं जे जे जगात असतं त्या सगळ्याचे जबाब त्यांनी उर्दूत उतरवून घेतले होते. पण रामनवमी होऊन गेल्यावर एका सकाळी बद्रीनाथ त्यांच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "काका, माझा निबंध चोरीला गेला," तेव्हा त्यांना आधी हसूच आलं.

"शोध मग. उशाखाली असेल."

"उशाखाली न्हाई. ह्यात हाय." बद्रीनाथने हैदराबादचं 'लोकरीत' मासिक त्यांच्यापुढे ठेवलं.

बद्रीनाथ पिंपळगाव रेणुकाईचा. आजोबापर्यंत घराण्यात मेंढरं होती, बापाने ती विकून जमीन धरली आणि पोराला औरंगाबादच्या कॉलेजात घातलं. पोरगं हुशार निघालं. सुट्टीत गावी आराम करायचा सोडून ते मेंढपाळांच्या मागे उन्हातान्हात हिंडलं आणि त्यांच्या जुन्या वाटांवर एक निबंध लिहून बसलं. प्रिन्सिपॉल म्हणाले होते, निबंध नामांकित मासिकात छापून आण, हैदराबादला पुढच्या शिक्षणाच्या वजीफ्यासाठी तुझं नाव मी धाडतो. जेठ लागायच्या आत छापून आणायचा होता. नाही तर बापाने सांगूनच ठेवलं होतं की औत तयार आहे.

पुण्याच्या 'ज्ञानसंचय' त्रैमासिकाने निबंध परत पाठवला. सोबत छापील चिठ्ठी होती. लेखकाची पात्रता कळून येत नाही, एवढंच त्यात होतं. निबंध वाचून परत आला की न वाचता, हेही कळायला मार्ग नव्हता.

"मंग दुसरं मासिक शोधून राह्यलो होतो," बद्रीनाथ सांगू लागला. "रोज मस्तगडच्या वाचनालयात बसायचो. कोनतं मासिक विद्यार्थ्याचं घेतं, कोनतं नुसत्या पदवीवाल्याचं, कोन परतीची तिकिटं मागतं, सगळं पाहून ठेवलं. शेवटी वाटलं, 'लोकरीत' बराबर राहील. हेच लोक असल्या गोष्टी छापतात. ताजा अंक उघडला, म्हटलं सूचना वाचाव्या, तर पहिलाच लेख माझा. वाक्यन् वाक्य माझं."

काकासाहेबांनी चष्मा लावला. लेखाखाली नाव नव्हतं. 'एक अभ्यासक, जालना' एवढंच होतं. आणि चौकटीत संपादकांची टीप होती, की हे विद्वान अभ्यासक जेठातल्या हैदराबादच्या परिषदेत निबंध स्वतः वाचतील, नाव तेव्हाच प्रकट होईल.

२

"कोणाकोणाच्या हाताखालून गेला?" काकासाहेबांनी विचारलं.

तीन हातांखालून गेला होता. पुण्याहून परत आल्यावर बद्रीनाथने तो भुजंगराव मास्तरांना दिला. शाळेत त्यांनीच त्याला मराठी शिकवलेलं, आणि दुसरं मासिक मी बघून देतो असं तेच म्हणाले होते. वाचनालयाचे धर्मराज यांनी त्याची स्वच्छ प्रत केली. छापखानेवाल्या रामकिसनने पानं शिवून दिली. मास्तरांनी सांगितलं होतं की नागपूरला टपालाने पाठवला, बहुतेक वाटेत गहाळ झाला. बद्रीनाथजवळ उरला होता तो पेन्सिलीचा कच्चा खर्डा.

काकासाहेबांनी खर्डा आणि छापील लेख शेजारी शेजारी मांडले आणि ओळीवर बोट ठेवत दुपारपर्यंत वाचले. बायको चतुराबाई दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "पेन्शन झाली तरी पेशकारी काही सुटेना. तुम्हाला जेवण नको, जबाब वाढायला पाहिजेत."

"एक जागा वेगळी आहे," काकासाहेब तिचं न ऐकताच बद्रीनाथला म्हणाले. "तू लिहिलंस, जालन्याच्या वावरांतून उठल्यावर मेंढरांचा जुना मोठा मुक्काम पिंपळगाव रेणुकाईला. रेणुकेच्या देवळाशी त्यांचं जुनं नातं, वगैरे. निबंधाचा सगळा भार त्यावरच आहे."

"हो. म्हस्कूमामांनी स्वतः सांगितलं. मेंढकांत सगळ्यात जुना मानूस. आमच्या लांबच्या नात्यातला."

"आणि ह्यानं छापलंय, मुक्काम जांब समर्थला. रामाच्या देवळाशी जुनं नातं. बाकी सगळं तुझं."

बद्रीनाथ पाहतच राहिला. जांब दक्षिणेला गोदेच्या अंगाला आणि पिंपळगाव पार उत्तरेला. चोरानं घर लुटलं आणि दार काढून दुसऱ्या भिंतीला बसवलं, असा तो प्रकार होता.

"मंग धर्मराजच," तो एकदम म्हणाला. "दर रामनवमीला जांबला जातात. समर्थांशिवाय दुसरं बोलत न्हाईत."

काकासाहेबांनी चष्मा काढून पुसला. पहिल्याच साक्षीदाराला गुन्हेगार ठरवणारे मुन्सफ त्यांनी पुष्कळ पाहिले होते, आणि त्यांचे निकाल वरच्या अदालतीत उलटलेलेही पाहिले होते.

३

रामकिसनचा जबाब उभ्याउभ्याच झाला. "पेशकारसाहेब, मी कागद वजनावर पाहतो. त्यावर काय लिहिलंय ते बिलकुल पाहत न्हाई. पाहिलं असतं तर हा धंदा केला असता का?" त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. तो जालन्याच्या ह्या मस्तगड भागातच जन्मलेला, तिथंच वाढलेला आणि छापखान्याच्या पायरीपलीकडे कुठे जायचा कंटाळा असलेला माणूस होता.

भुजंगराव मास्तरांनी मात्र काकासाहेबांना पाट दिला आणि पुष्कळ हळहळ केली. मास्तर दोन वर्षं पुण्याला शिकून आलेले होते आणि तेव्हापासून ते पुणेरीच बोलत. "फार वाईट झालं हो. पण असं पाहा, अशी संशोधनं दोघांना एकाच वेळी सुचू शकतात. विद्यार्थिदशेत नावाची इतकी घाई कशाला?"

"वाक्यंही एकच सुचतात?"

"मुलं काय, आम्ही शिकवतो तेच लिहितात. त्या खर्ड्यातलं निम्मं माझ्याच तोंडचं असेल." मास्तर हसले. खर्डा आहे हे त्यांना कोणी सांगितलं, हे काकासाहेबांनी विचारलं नाही. बद्रीनाथनेच भाबडेपणाने सांगितलं असणार.

तेवढ्यात मास्तरांची आई साळूबाई, सगळं मस्तगड जिला सुंठवड्याची म्हातारी म्हणे ती, पितळी डबा घेऊन आली. मूठभर सुंठवडा तिने काकासाहेबांच्या हातावर ठेवला. "घ्या पेशकार. दिरानं डबा भरून धाडलाय. घरच्यावानी घ्या." मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. ते म्हणाले, "आई, आत जा तू."

धर्मराजांना गाठलं तेव्हा ते वाचनालयाला कुलूप लावून पळायच्या बेतात होते. काकासाहेबांना पाहून त्यांनी काढलेली किल्ली पुन्हा कुलपात घातली.

"मी न्हाई हो. मी फक्त प्रत केली," ते विचारायच्या आधीच म्हणाले.

"अंक आल्याबरोबर तुम्ही ओळखलं होतं ना?"

धर्मराजांनी मान खाली घातली. "ओळखलं. माझ्याच हातनं उतरवलेली वाक्यं ती. पन बोलू कोनाला? मी पडलो नोकर मानूस."

"ह्या वर्षी जांबला गेला होतात?"

"गेल्तो की. उन्हात रांगेत उभं राहून चिमूटभर सुंठवडा हाती आला. गावकऱ्यांना डबे, आम्हा पाव्हन्यांना चिमूट. इतकी वर्षं जाऊन राह्यलो, समर्थांच्या दारी मी अजून जाफराबादचाच." हे सांगतानाही धर्मराज दारापलीकडे, मास्तरांच्या गल्लीकडे बघत होते.

नोकर माणूस कोणाला भितो, हे काकासाहेबांना कळण्यासारखं होतं. वाचनालयाच्या पंचांत मास्तर होते. पण वाचनालयाचं बरंच काही रामकिसनच्या उधारीच्या कागदावर चाले, तेव्हा धाक त्याचाही असू शकत होता. भीती म्हणजे पुरावा नव्हे.

४

मग काकासाहेब म्हस्कूकडे गेले. शहराबाहेर एका कापलेल्या वावरात त्याची मेंढरं खतासाठी बसवलेली होती. म्हस्कू घोंगडीवर बसून सूत कातत होता आणि त्याची बायको बायनाबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती.

"रामराम. गाव कोनचं म्हनायचं सायबाचं?" म्हस्कूने विचारलं.

"राहतो जालन्यात. गाव राजूर."

"गनपतीचं राजूर. ग्वाड पानी हाय तिथलं."

पुष्कळ गप्पा झाल्या. बद्रीनाथ आल्ता का? आल्ता. दुसरंही कोणी वाटा विचारायला आलं होतं का? त्यावर म्हस्कू मेंढराकडे बघत म्हणाला, "येत्यात मान्सं. कोन कोन ध्यानात ठिवायचं?" काकासाहेबांनी शेवटी मुद्द्याचं विचारलं, इथून उठल्यावर मेंढरांचा मोठा मुक्काम कुठे?

"राजूरला," म्हस्कू तात्काळ म्हणाला. "आज्यापंज्यापासून तीच वाट. तुमच्याच गावाला की."

काकासाहेबांना, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. आपल्या गावाचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणसाची अक्कल जरा सैल पडते. परतताना अर्ध्या वाटेपर्यंत ते लहानपणच्या राजुरातच होते. मग त्यांना जाणवलं की प्रकरण अधिकच बिघडलं आहे. एकच म्हातारा, एकच वाट, आणि मुक्काम तीन. कोणता खरा?

५

उत्तर चतुराबाईने आणलं, आणि आणलंय हे तिला ठाऊकही नव्हतं. दोन दिवसांनी ती बायनाबाईकडून घोंगडी घेऊन आली आणि तांब्याभर पाणी पिऊन म्हणाली, "किती चांगली माणसं. मेंढरं आता अंबडला चाललीत म्हणे. माझ्या माहेरी. म्हटलं, आईला निरोप द्या."

काकासाहेबांचा हात सुपारीच्या डब्यातच राहिला. "तुला त्यांनी आधी काय विचारलं?"

"काय विचारणार? गाव कोणचं ते विचारलं."

ते तसेच चपला घालून निघाले. म्हस्कू रानात गेला होता. बायनाबाई एकटीच होती. काकासाहेबांनी मुद्दा सरळ मांडला तेव्हा ती पदराआड हसली आणि मग हसायची थांबली.

"सायेब, खरी वाट सांगितली की म्होरं जाऊन तिघं बसत्यात. लांडगा, चोर आन् चराई वसूल करनारा शिपाई. चौथा कोन आला तर त्यो ह्या तिघांलाच सांगनारा. पन पाव्हन्याला न्हाई म्हनू न्हाई, आमच्यात ती रीत न्हाई. मंग ज्याचं त्याला गाव द्यायचं. त्यो बी खूश, मेंढरं बी सुखरूप."

"कोणी पकडलं नाही कधी?"

"मानूस आपलं गाव ऐकलं की म्होरं इचारतच न्हाई. तुमी तरी कुटं इचारलं?"

उभ्या हयातीत काकासाहेबांपुढे हजारो साक्षीदार खोटं बोलले होते. सगळे एकाच सुरात बोलायला लागले की ते पढवलेले आहेत हे त्यांना ओळखता येई. पण प्रत्येकाला वेगळं सांगून प्रत्येकाला पटवणारा साक्षीदार त्यांना प्रथमच भेटला होता.

बाकीचं गणित घरी पोहोचेपर्यंत सुटलं. छापील लेखात जांब आहे, म्हणजे चोर चोरी करून थांबला नाही. पडताळा पाहायला तो स्वतः म्हस्कूकडे आला, आणि गाव विचारल्यावर त्यानं जांब सांगितलं. माणूस पुण्यात शिको की मस्तगडात घर बांधो, गाव कोणतं विचारलं की तोंडून मूळ गावच निघतं. धर्मराजांनी जाफराबाद सांगितलं असतं. जांबच्या दारी ते चिमटीचे धनी. रामकिसनला मस्तगडावाचून गावच नाही, आणि मस्तगडाबाहेरच बसलेली मेंढरं मस्तगडला कशी जाणार? पण रामनवमीनंतर ज्याच्या घरी भावकीकडून डबा भरून सुंठवडा येतो, आणि ज्याची आई तो घरचा म्हणून वाटते, तो एकच होता.

६

भुजंगरावांनी नाकारलं नाही. काकासाहेबांचं बोलून झाल्यावर त्यांनी उठून आतलं दार लावून घेतलं. त्यांचं पुणेरी बोलणंही गळून पडलं होतं.

"मी जांबचा हे म्हस्कूला काऊन सांगितलं, देव जाणे. वीस वर्षांत कोनाला सांगितलं न्हाई." मग ते म्हणाले, "पेशकार, पुण्यानं माझं एक अक्षर छापलं न्हाई. तिथं शिकलो, त्यांच्यासारखं बोलायला शिकलो, तरी निबंध परत. ह्या पोराचा परत आला तेव्हा खरं सांगतो, मला बरं वाटलं. मंग वाचला, आन् झोप उडाली. असा मला जन्मात जमला नसता."

"त्याच्या नावानं हैदराबादला धाडता आला असता."

"त्यांनीही विचारलं असतं, हा कोन?"

"विचारलं असतं. पण त्याला विचारलं असतं. तुम्ही मध्ये उभे राहिलात."

मास्तरांनी हात जोडले. पण परिषदेला जाणार नाही असं ते म्हणाले नाहीत. काकासाहेब थांबले, त्यांनी वाट पाहिली, तरी म्हणाले नाहीत. शेवटी काकासाहेबच उठले. त्यांना त्या माणसाची कीव आली होती आणि त्या कीवेचाच राग येत होता.

७

"आता ऐक," काकासाहेबांनी बद्रीनाथला बसवून सांगितलं. "मास्तर म्हणतील, खर्डा मी सांगितला तसा पोरानं उतरवला. म्हणू देत. त्यांनी सांगितला असता तर खर्ड्यात जांब आलं असतं. खर्ड्यात पिंपळगाव आहे, म्हणजे म्हस्कूपुढे आधी तूच उभा होतास. परिषदेत म्हस्कूला उभा करायचा. चार विद्वानांनी आपापलं गाव सांगून वाट विचारायची. चौघांना चार गावं मिळतील आणि चोर उघडा पडेल. तुझं नाव तुला परत. शिवाय ही रीतच मोठा शोध आहे. ह्यावर निबंध लिही, कोणतंही मासिक डोक्यावर घेईल."

बद्रीनाथचा चेहरा उजळला आणि पुढच्याच क्षणाला विझला.

"म्हंजे म्हस्कूमामांनी मलाबी पाव्हन्याचंच उत्तर दिलं?"

काकासाहेबांना हे सुचलंच नव्हतं.

बद्रीनाथ त्याच पावली वावरात गेला. काकासाहेब धापा टाकत मागे. म्हस्कूने लपवाछपवी केली नाही.

"तू आपलाच हायेस रं. तुज्या आज्यासंगं मी मेंढरं राखली. पन तू आलास आन् कागद काढलास. कागद काढला की मानूस सरकारी. कागद कुटं जातो, कोन वाचतो, तुला तरी ठावं हाय का?"

बद्रीनाथने मान हलवली. त्याचा कागद कुठे कुठे गेला होता हे त्याला नुकतंच कळलं होतं. तो काकासाहेबांकडे वळून म्हणाला, "काका, ही रीत परिषदेत उघडी केली, तर पुढल्या साली चराईचा शिपाई काय करील?"

"खोटं बोलतात म्हणून चाबूक काढील."

"मंग न्हाई."

"वजीफा जाईल, बद्री. औत तुझी वाट बघतंय."

"जाईल. पन ह्यांची वाट विकून माझं नाव न्हाई आनायचं मला. आन् नाव तरी कशावर आनू? निबंधातला मुक्कामच खोटा. मास्तरांनी खोटं चोरलं, मी खोटं लिहिलं. दोघांत फरक एवढाच, की मला ते खरं वाटत होतं."

काकासाहेबांनी त्याला समजावलं, रागे भरले, अजीजी केली. आयुष्यात एकदाच त्यांना एक प्रकरण मुळापासून सोडवता आलं होतं आणि फिर्यादीच फिर्याद मागे घेत होता. पोरगं ऐकेना. म्हस्कूने त्या दिवशीही त्याला खरी वाट सांगितली नाही.

८

जेठात भुजंगराव हैदराबादला गेले. निबंधाला टाळ्या पडल्या, खांद्यावर शाल आली. आणि पुण्याच्या ज्या 'ज्ञानसंचया'ने तो निबंध परत केला होता, त्यानेच तो मोठ्या आदराने पुन्हा छापला. आता लेखकाची पात्रता कळून येत होती.

चराई खात्यात कोणी तरी वाचणारा अधिकारी होता. संशोधनाचा उपयोग राज्याला व्हावा असं त्याला वाटलं. वर्षाच्या आत जांब समर्थच्या शिवेवर मेंढरांचा मोठा नाका उभा राहिला. बांबूचा अडसर, पत्र्याचं छप्पर, एक शिपाई आणि नोंदी लिहायला एक मोहरीर. मोहरीर मराठी-उर्दू जाणणारा आणि कॉलेजात गेलेला हवा होता. औतामागे बद्रीनाथचा जीव रमत नाही हे त्याच्या बापाने पाहिलंच होतं. त्याने कोणाच्या तरी पाया पडून पोराला तिथे चिकटवलं.

पुढल्या रामनवमीला काकासाहेब चतुराबाईला घेऊन जांबला गेले. दर्शन झाल्यावर ती पारावर टेकली आणि ते चालत शिवेपर्यंत आले. छपराखाली बद्रीनाथ टेबलाशी बसला होता. तो उठून पाया पडला. शिपाई बाजेवर घोरत होता. रस्ता नजर जाईल तिथपर्यंत रिकामा होता, धुळीत एक खूर उमटलेला नव्हता.

"काम कसं काय?" काकासाहेबांनी विचारलं.

"काम असं न्हाई काही. रोज सकाळी अडसर पाडायचा, सांजच्याला उचलायचा."

"साहेब लोक विचारत नाहीत, मेंढरं का येत नाहीत म्हणून?"

"विचारतात की," बद्रीनाथ म्हणाला. त्याने टेबलावरची धूळ हाताने पुसली. "मी सांगतो, येतील. छापून आलंय."